रहस्यकादंबरीचं कपाट हलवण्याआधी

आमच्या भागातल्या एका वाचनालयात पुस्तकखरेदीच्या बैठकीत वादाला तोंड फुटलं आणि तो वाद अजून मिटलेला नाही. जागा अपुरी पडते आहे, स्पर्धा परीक्षेच्या मुलांना अभ्यासिकेत टेबलं हवी आहेत, तर मागच्या भिंतीचं रहस्यकथांचं कपाट काढून टाकायचं का, एवढाच विषय होता. एकांचं म्हणणं, ती सगळी रद्दी. सरकारी अनुदान घेणाऱ्या वाचनालयाने खून-दरोड्याची पुस्तकं पोसायचं कारण काय? दुसऱ्यांचं म्हणणं, "राहू द्या नं भाऊ, निदान त्या निमित्तानं लोक वाचून तर राहिले. आज हे वाचतील, उद्या चांगलं वाचतील." बहुतेकांना हे दुसरं मत समंजस वाटलं. मला दोन्ही मतं चुकीची वाटतात, आणि दुसरं तर जास्तच. पहिल्या मताशी निदान भांडता येतं. दुसरं मत रहस्यकादंबरीचा दयेचा अर्ज मंजूर करतं, म्हणजे तिला आधी गुन्हेगार मानूनच पुढे जातं.

माझी बाजू आधीच सांगते. पुराव्यावर विचार करायची सवय इतक्या चिकाटीने लावणारा दुसरा साहित्यप्रकार मला माहीत नाही. संशय आला म्हणून माणूस दोषी ठरत नाही, आणि कुणी मेलं तर ते कसं मेलं हे विचारल्याशिवाय उठायचं नाही, या दोन गोष्टी चांगली रहस्यकादंबरी वाचकाच्या अंगवळणी पाडते. मोबाइलवर आलेल्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीवरून संध्याकाळपर्यंत माणसाचा निकाल लावणाऱ्या समाजाला या सवयीची नड आहे. म्हणून ते कपाट तिथे हक्काने असलं पाहिजे. आणि हक्काने असायचं तर त्यात काय ठेवावं आणि काय काढावं, हेही कविता-कादंबरीइतक्याच कडकपणे ठरवलं पाहिजे.

नागपूरच्या माणसाला ही गोष्ट समजून घ्यायला लंडनच्या धुक्यात शिरायची गरज नाही. १९४६ साली नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होती. त्या वर्षीच्या सिवनीच्या दारूभट्टीच्या ठेक्यावरून प्रांताच्या अबकारी आयुक्तांवर खटला झाला. आरोप असा की त्यांनी निविदांमध्ये फेरफार होऊ दिला, मर्जीतल्या माणसाला ठेका मिळवून दिला, आणि मागाहून अंगाशी येऊ नये म्हणून मागची तारीख टाकलेलं पत्र तयार झालं. ते पत्र कोणत्या टाइपरायटरवर टाइप झालं, ते यंत्र पत्रावरच्या तारखेला नागपुरात आलेलं तरी होतं का, यावर कोर्टात कीस पडला. (टाइपरायटरलाही माणसाच्या हस्ताक्षरासारखा स्वभाव असतो, हे शेरलॉक होम्सने १८९१ सालच्या एका कथेत म्हणून ठेवलं होतं.) शिक्षा झाली, ती नागपूरच्या उच्च न्यायालयातही टिकली, आणि १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून आरोपींना निर्दोष सोडलं. 'हनुमंत विरुद्ध मध्य प्रदेश राज्य' या नावाने ओळखला जाणारा तो निकाल आजही परिस्थितिजन्य पुराव्याच्या जवळपास प्रत्येक खटल्यात वकील पुढे करतात.

त्या निकालात एका जुन्या इंग्रज न्यायाधीशाने १८३८ साली ज्यूरीला दिलेला इशारा उद्धृत केला आहे. त्याचा आशय असा. माणसाच्या मनाला सुट्या घटना एकमेकींशी जुळवण्यात सुख वाटतं. एखादी जुळत नसेल तर ते तिला थोडी ताणतं, दाबून बसवतं, पण एकसंध गोष्ट तयार करतंच. आणि मन जितकं तल्लख, तितकी त्याची स्वतःला फसवण्याची शक्यता जास्त. माणसाच्या बुद्धीबद्दल इतकं नेमकं बोललेलं मी क्वचितच वाचलं आहे. सुतावरून स्वर्ग गाठणं ही मूर्खांची खोड आहे असं आपण समजतो. न्यायालय सांगतं की ती हुशारांची खोड आहे.

आता सांगा, रहस्यकादंबरी दुसरं काय करते? पहिली शंभर पानं ती वाचकाला हेच सुख मनसोक्त भोगू देते. भाचा कर्जात आहे, मृत्युपत्र बदलायचं ठरलं होतं, भाचा रात्री घराबाहेर होता. झालं, गोष्ट जुळली. मग एकशे एकाव्या पानावर कळतं की भाचा त्या रात्री कुठे होता हे तो सांगत नाही, कारण ते सांगितलं तर दुसऱ्याच कुणाची तरी अब्रू जाते. वाचकाने मनातल्या मनात एका निरपराध माणसाला फासावर चढवलेलं असतं, आणि आता त्याला ते निमूटपणे मागे घ्यावं लागतं. एका कादंबरीत हे तीन-चार वेळा घडतं. वृत्तपत्र असं कधी करत नाही, कारण चुकलेला अंदाज त्याला दुसऱ्या दिवशी आठव्या पानावर दोन ओळींत सारता येतो. रहस्यकादंबरीत तो सारता येत नाही. आपण कुठे घाई केली ते शेवटच्या प्रकरणात लेखक पान दाखवून सांगतो.

ही रीत परकी आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी भाद्रपदातल्या चतुर्थीला चंद्र का बघत नाहीत ते आठवावं. स्यमंतक मणी कृष्णाने मागितला होता, सत्राजिताने दिला नाही, मणी गळ्यात घालून शिकारीला गेलेला त्याचा भाऊ प्रसेन परतला नाही. त्यामुळे द्वारकेत कुजबुज सुरू झाली की कृष्णानेच त्याला मारलं. हेतू होता, ताकद होती, गोष्ट जुळत होती. भागवतात यावर कृष्ण काय करतो? शपथा घेत नाही, चमत्कार दाखवत नाही. गावातली माणसं बरोबर घेऊन रानात माग काढत जातो. प्रसेन आणि त्याचा घोडा मरून पडलेला, जवळ सिंहाच्या खुणा. पुढे सिंह मरून पडलेला, तिथून अस्वलाचा माग गुहेत गेलेला. लोकांना बाहेर ठेवून तो आत जातो, जांबवंताकडून मणी आणतो, आणि भर सभेत सत्राजिताला बोलावून कसा मिळाला ते सांगून परत देतो. साक्षीदार नेले, जागा पाहिली, माल हस्तगत केला, जबाब सभेत दिला. प्रत्यक्ष देवावर आळ आला तरी तो पुराव्यानेच उतरतो, असं सांगणारी कथा ज्या घराघरांत दर गणपतीला सांगितली जाते, तिथे रहस्यकथा बाहेरून आली असं कसं म्हणायचं?

विरोधकांच्या म्हणण्यात तथ्य आहेच, आणि पुष्कळ आहे. मराठीत या प्रकाराने ढिगाने सुमार पुस्तकं दिली. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, गुरुनाथ नाईकांचा आकडाही तसाच. एका माणसाच्या हातून इतकं लिहून होतं तेव्हा प्रत्येक पुस्तकात नवा विचार असणं शक्यच नाही. झुंजार आणि काळापहाड या अर्नाळकरांच्या नायकांवर पिढ्या वाढल्या हे खरं, पण त्या पुस्तकांत बाई बहुधा एक तर गजाआड अडकलेली किंवा दारूचा पेला पुढे करणारी असते, हेही खरं. खलनायकाचा रंग, आडनाव, वस्ती यांवरून तो ओळखू यावा अशी सोय असते. हा रोग फक्त मराठीचा नव्हता. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स या इंग्रज पाद्र्याने रहस्यकथेचे दहा नियम घातले, त्यांत कथेत चिनी माणूस नसावा असाही एक होता, कारण तिथे स्वस्त लेखकांचा खुनी ठरलेला चिनी असे. म्हणजे जो प्रकार पूर्वग्रह मोडायला निघाला, तोच पूर्वग्रहांवर पोट भरत होता.

हे मी मान्य करते. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? दरवर्षी निघणाऱ्या कवितासंग्रहांतले किती टिकतात हे आपल्याला ठाऊक आहे, तरी कवितेचं कपाट काढा असं कुणी म्हणत नाही. कारण कवितेच्या बाबतीत आपण उत्तम कवितेवरून मोजतो आणि रहस्यकथेच्या बाबतीत सुमार रहस्यकथेवरून. याच नागपुरात ग्रेस यांच्या कवितेचा अर्थ लागला नाही तर रसिक दोष स्वतःकडे घेतात, पुन्हा वाचतात, चर्चा घडवून आणतात. गूढ सोसायची आपली तयारी नाही असं मुळीच नाही. ती तयारी कुणासाठी दाखवायची हे आपण आधीच ठरवून ठेवलं आहे.

आणि सुमारपणाला आपण जबाबदार नाही का? समीक्षा ज्या अंगणात पाऊलच ठेवत नाही, तिथे तण माजणारच. सुहास शिरवळकरांच्या अमर विश्वास या वकिलाच्या कथांत कोर्टातली उलटतपासणी किती बारकाईने येते, कुठे लेखक वाचकाशी प्रामाणिक राहतो आणि कुठे धागा लपवतो, यावर गंभीर लेख किती निघाले? बंगालीत पाहा. शरदिंदु बंद्योपाध्याय ऐतिहासिक कादंबरीकार म्हणून मानाने वाचले जातात, आणि त्यांनीच १९३२ पासून ब्योमकेश बक्षी लिहिला. तो स्वतःला गुप्तहेर म्हणवून घेत नाही, सत्यान्वेषी म्हणवतो. सत्यजित राय जगभर नावाजलेले दिग्दर्शक झाल्यानंतर, १९६५ पासून, मुलांच्या मासिकात फेलुदा लिहू लागले. थोर दिग्दर्शक असून हे काय पोरकट लिहिता, असं त्यांना बंगाली वाचकाने विचारलं नाही. तिथे हा प्रकार घरच्या बैठकीत बसला, म्हणून चांगल्या लेखकांना त्यात लिहायची लाज वाटली नाही. आपण त्याला ओसरीवर बसवलं, आणि मग ओसरीवरचे लोक घरात शोभत नाहीत अशी तक्रार करतो.

'खुनी कळला की पुस्तक संपलं, दुसऱ्यांदा कोण वाचणार' हा आक्षेप अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सन यांच्या वळणाचा. १९४५ मध्ये त्यांनी अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या एका गाजलेल्या कादंबरीतला खुनी कोण याची पर्वा कुणाला आहे, अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला आणि या वाचनाला धूम्रपान व शब्दकोडं यांच्या मधलं व्यसन ठरवलं. योगायोग असा की ज्या १९२६ च्या कादंबरीचं नाव त्यांनी मथळ्यात घेतलं, ती दुसऱ्यांदा वाचावी अशीच आहे. पहिल्या वाचनात सरळ वाटलेली वाक्यं दुसऱ्या वाचनात अंगावर येतात. एकही खोटं नाही, आणि तरी आपण फसलो. का फसलो? लिहिलेलं होतं ते न वाचता आपल्याला हवं ते वाचलं म्हणून. कीर्तनाला बसलेल्या कुठल्या श्रोत्याला हरिश्चंद्राचं पुढे काय होतं हे ठाऊक नसतं? सॉफोक्लीसचा ईडिपस राजा आपल्याच राज्यातल्या खुन्याचा तपास करतो, तेव्हा खुनी कोण हे अथेन्सच्या प्रेक्षकांना घरून निघतानाच माहीत होतं. शेवट माहीत असल्याने जे संपतं ते मुळातच फार नव्हतं. तो दोष त्या पुस्तकाचा.

सगळ्यात जड आक्षेप वेगळाच आहे, आणि आमच्या बैठकीत तो कुणी घेतला नाही याचं मला वाईट वाटलं. तो असा: रहस्यकादंबरी मरणाचं कोडं करते. दिवाणखान्यात प्रेत पडलेलं असतं आणि कुणी रडत नाही. सगळे घड्याळाचे काटे नि चहाचे कप मोजत असतात. माणसाच्या मृत्यूवर अशी बौद्धिक करमणूक उभी करणं हे मन बोथट करणारं नाही का?

या प्रश्नापुढे मी बराच काळ अडले होते. मला वाट मिळाली ती पुस्तकाबाहेर. मी वाढले त्या काळात, म्हणजे सत्तरीच्या शेवटी आणि ऐंशीच्या दशकात, पेपरच्या आतल्या पानावर एक ठरावीक बातमी असायची. स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली. विहिरीत पाय घसरून पडली. खाली आकस्मिक मृत्यूची नोंद झाल्याची एक ओळ. घरोघरी ती वाचली जायची, हळहळ व्हायची, आणि पान उलटलं जायचं. रडणारे पुष्कळ होते. विचारणारं कुणी नव्हतं. मग स्त्री-चळवळीतल्या बायकांनी साधा प्रश्न विचारायला सुरुवात केली: स्टोव्ह दरवेळी सुनेच्याच अंगावर कसा भडकतो, सासूच्या का नाही? हा प्रश्न नीट ऐका. सारखेपणा टिपणं, मग त्या सारखेपणाला योगायोग मानायला नकार देणं. रहस्यकथेतल्या तपासाची सुरुवात नेमकी इथून होते. या प्रश्नाच्या रेट्याने १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे कलम आलं, १९८६ मध्ये हुंडाबळीचं ३०४-ब आलं, आणि लग्नानंतर सात वर्षांच्या आत संशयास्पद रीतीने मेलेल्या बाईच्या प्रेताची तपासणी कायद्याने बंधनकारक झाली. त्या मुलींना आपल्या हळहळीने काही दिलं नाही. कुणीतरी मागे वळून खोली पाहिली, रॉकेल कुठे सांडलं होतं, कडी बाहेरून होती का, हे विचारलं, तेव्हा कुठे त्यांच्या मरणाची दखल घेतली गेली.

म्हणून मी प्रेताभोवतीच्या त्या थंड चौकशीला निर्दय म्हणत नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात अचानक मेलेल्या माणसाचं प्रेत कसं तपासावं यावर अख्खं प्रकरण लिहिलं: गळा आवळल्याच्या खुणा कोणत्या, बुडवल्याच्या कोणत्या, विषाच्या कोणत्या. प्रेताला तेल लावून तपासा म्हणणाऱ्या त्या माणसाला कुणी कोरडा म्हणेल, पण मेलेल्याची बाजू तोच घेत होता. कादंबरीतला तपास करणारा माणूसही हेच करतो. घरातले सगळे 'झालं ते झालं' म्हणत असतात, इस्टेटीच्या वाटण्या सुरू झालेल्या असतात, आणि हा एकटा त्या मेलेल्या बाईने शेवटचा चहा घेतला होता की नाही यावर अडून बसतो. माणसाच्या मरणाला याहून मोठा मान साहित्याने द्यावा तरी कसा?

गुन्हे करायला शिकवतात, हा आक्षेप त्यामानाने किरकोळ. अ‍ॅगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधालयात काम करत होती, त्यामुळे तिची विषं खरी असत. १९६१ च्या एका कादंबरीत तिने थॅलियमच्या विषबाधेची लक्षणं लिहिली. १९७७ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात कतारहून आणलेलं तान्हं मूल कशाने खंगतंय हे डॉक्टरांना उमगत नव्हतं. ती कादंबरी वाचत असलेल्या परिचारिकेने केस गळण्यावरून थॅलियम ओळखलं आणि मूल वाचलं. माहिती दोन्हीकडे धावते. ज्याला विष द्यायचं असतं तो कादंबरीसाठी खोळंबत नाही.

व्यवस्थेबद्दलचा आक्षेप मात्र मला आजही टोचतो. शेवटच्या प्रकरणात सगळं उलगडतं, खुनी सापडतो, वाचक सुखाने झोपतो. पण खऱ्या जगात तसं होतं का? नागपूरला हा प्रश्न पुस्तकी नाही. १३ ऑगस्ट २००४ रोजी इथल्या जिल्हा न्यायालयात, भर कोर्टात, कस्तुरबानगरच्या बायकांच्या जमावाने अक्कू यादवला ठार मारलं. त्याच्याविरुद्ध बलात्काराच्या आणि खंडणीच्या तक्रारी घेऊन वस्ती वर्षानुवर्षं पोलिसांकडे जात होती आणि हात हलवत परत येत होती. पुढे त्याच्या खुनाच्या खटल्यात २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. इथे रहस्य कोणतं? वस्तीत सगळ्यांना सगळं माहीत होतं. नव्हता तो तपास. ज्यांनी माग काढायचा तेच पाठ फिरवून उभे होते. अशा गावात राहून, हुशार गुप्तहेर येतो आणि न्याय होतो, या गोष्टीवर कुणी विश्वास ठेवावा?

ठेवू नयेच. पण हा प्रश्न रहस्यकादंबरीने टाळला आहे असंही समजू नये. ख्रिस्तीच्याच १९३४ च्या एका कादंबरीत कायद्याच्या हातून निसटलेल्या माणसाचा खून होतो. तपास करणारा सत्य शोधून काढतो आणि शेवटी दोन उलगडे लोकांपुढे ठेवतो; कोणता स्वीकारायचा ते त्यांनी ठरवायचं असतं. (नाव सांगत नाही. ज्यांनी वाचली त्यांना कळलं असेल, इतरांचा हक्क मी हिरावून घेणार नाही.) ती कादंबरी वाचून २००४ च्या त्या दुपारचं उत्तर मिळत नाही. पण सत्य कळणं आणि न्याय होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली झाल्याशिवाय दुसरीबद्दल बोलणंही अवघड, हे ती वाचकाच्या गळी उतरवते. आपल्याकडच्या लेखकाने कस्तुरबानगरसारख्या वस्तीतून, पोलीस ठाण्याच्या बाकावर तासन्‌तास बसवून ठेवलेल्या बाईच्या नजरेतून रहस्यकादंबरी लिहिली, तर ती मराठीतली महत्त्वाची कादंबरी ठरेल. हा प्रकार हलका म्हणून तिकडे फिरकायचंच नाही असं लेखकांनी ठरवलं, तर ती कोण लिहिणार?

थराराबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं, कारण वादात दोन्ही एकाच पोत्यात भरले जातात. रहस्यात वाचकाला कमी माहीत असतं; थरारात पात्रापेक्षा जास्त. चित्रपट-दिग्दर्शक हिचकॉक समजावून सांगत असे की टेबलाखाली बाँब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक आहे आणि गप्पा मारणाऱ्यांना नाही, यात थरार आहे. डोस्टोयेव्हस्कीची १८६६ ची 'क्राइम अँड पनिशमेंट' याच जातीची: खून कुणी केला हे आपण डोळ्यांनी पाहतो आणि तो कबुली देईल का, या ताणावर शेकडो पानं जातात. तिला कुणी गुन्हेकथांच्या कपाटात ढकलत नाही, आणि ते योग्यच. पण मग कपाट विषयावरून ठरतं की लेखकाच्या प्रतिष्ठेवरून? माझा स्वतःचा कल रहस्याकडे आहे. आजच्या थरारकादंबऱ्यांत प्रत्येक प्रकरण दारावरच्या थापेने संपतं आणि पुढच्या प्रकरणात दारात दूधवाला निघतो. ती वाचकाची सरळ फसवणूक आहे. अशी पुस्तकं खरेदीच्या यादीतून खुशाल गाळा.

आता 'निदान वाचतात तरी' या मताकडे वळते. त्याच्या समर्थकांना एक अडचण दिसत नाही. नुसतं वाचून माणूस सुधारत नाही. रहस्यकथा चाळणारेच पुष्कळदा खऱ्या घटनांतही चहाच्या टपरीवर खुनी ठरवून मोकळे होतात. २००८ च्या नोएडातल्या मुलीच्या खुनात देशभर घरोघर हेच चाललं होतं. आईवडिलांना २०१३ मध्ये शिक्षा झाली, २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं, आणि तोवर प्रत्येकाची गोष्ट आपापल्या डोक्यात जुळून बसली होती. आपली सवय जुनीच. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवलं, पण लोकांच्या तोंडी राहिला तो आनंदीबाईचा 'ध चा मा'. ती आख्यायिका आहे; तो बदललेला कागद पुरावा म्हणून कुणी पुढे ठेवला नाही. चौकशी विसरली गेली आणि गोष्ट टिकली, कारण गोष्ट छान जुळत होती.

तेव्हा कसं वाचलं यावर सगळं आहे. याचं उत्तम उदाहरण होम्सचा निर्माता आर्थर कॉनन डॉइल याचंच. जॉर्ज एदलजी हा मुंबईहून गेलेल्या, पारशी घराण्यातून ख्रिस्ती झालेल्या धर्मोपदेशकाचा मुलगा, इंग्लंडमध्ये सॉलिसिटर. १९०३ मध्ये रात्री शेतातलं तट्टू भोसकल्याच्या आरोपावरून त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. गावाला गोष्ट जुळली होती: काळा, परका, अबोल. सुटल्यावर तो कॉनन डॉइलला भेटायला आला तेव्हा वर्तमानपत्र डोळ्यांशी तिरकं धरून वाचत होता. डॉइल मूळचा डॉक्टर. इतकी अधू नजर असलेला माणूस काळोखात शेतं नि रेल्वेचे रूळ ओलांडून जाईल कसा, हा एक प्रश्न धरून त्याने १९०७ मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहिले. एदलजीला माफी मिळाली, आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलाचं न्यायालय स्थापन झालं त्यामागे या प्रकरणाचा मोठा रेटा होता. तिथे एक गाव सुतावरून स्वर्ग गाठत होतं, आणि एक माणूस वर्तमानपत्र धरण्याच्या पद्धतीकडे पाहत होता. चांगली रहस्यकादंबरी वाचकाला या दुसऱ्या माणसाच्या शेजारी बसवते.

म्हणून वाचनालयाकडे माझी मागणी कपाट वाचवण्यापुरती नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा, त्याखाली अ, ब, क, ड वर्गांप्रमाणे अनुदान मिळतं, आणि ते सार्वजनिक पैशातून येतं. म्हणून त्या पैशाने काय घेतलं याचं कारण देता आलं पाहिजे. रहस्यकादंबरी घेताना एवढं तपासा: उलगड्याला लागणारा प्रत्येक धागा वाचकाला आधी दिसला होता का? संशयित माणसं माणसं आहेत, की जात आणि कातडी पाहून उभी केलेली बुजगावणी? मेलेल्या माणसाला नाव, आवडीनिवडी, भूतकाळ दिला आहे का? यात बसतील ती पुस्तकं घ्या, मग ती मूळ मराठी असोत, ब्योमकेशचे अनुवाद असोत की जपानीतून आलेली असोत. बाकीची सोडा. जुन्या अर्नाळकरी पुस्तकांचा कागद हात लावताच तुटतो आहे. त्यांच्या निदान निवडक प्रती वेगळ्या काढून जपा, कारण मराठी माणूस अर्धं शतक काय वाचत होता याचा तोही पुरावा आहे. दर महिन्याला पुस्तकचर्चा होते, तिथे वर्षातून दोन-तीनदा रहस्यकादंबरी ठेवा, आणि बोलायला एखादा फौजदारी वकील किंवा न्यायवैद्यक शिकवणारे प्राध्यापक बोलवा; नागपुरात खंडपीठ आहे, वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, न्यायसहायक प्रयोगशाळा आहे, माणसांना तोटा नाही.

आणि अभ्यासिकेच्या मुलांबद्दल. टेबलं त्यांना मिळालीच पाहिजेत, त्यावर माझा वाद नाही. पण ती कपाटाच्या जागी का? परवा त्या कपाटातलं एक पुस्तक उघडलं तर बाराव्या पानावर कुणीतरी बॉलपेनने खुन्याचं नाव लिहून ठेवलं होतं, आणि खाली दुसऱ्या हस्ताक्षरात, पेन्सिलीने, 'चूक. पान १४० बघा.' या मुलांतले काही उद्या फौजदार होतील, तहसीलदार होतील. पंचनाम्याचा कागद त्यांच्यापुढे येईल आणि त्यावर सही करायची घाई असेल. त्यांच्या टेबलांपासून ते कपाट चार पावलांवर राहावं, आणि त्याला कुलूप नसावं, एवढं पुढच्या बैठकीत मी लेखी मांडणार आहे.